लॅपटॉप घरी ठेवा: रास्पबेरी पायवरच्या मिनीडेक्सडचं परीक्षण

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्याला लॅपटॉप नको असतो, त्यातला आवाज हवा असतो. विंडोजचं अपडेट, मधेच झोपी जाणारी स्क्रीन, सैल झालेली ऑडिओ इंटरफेसची केबल, यांतलं काहीतरी नेमकं कार्यक्रमातच निघतं. म्हणून सॉफ्टवेअर सिंथ (आवाज घडवणारा प्रोग्राम) लॅपटॉपमधून काढून एका स्वतंत्र डब्यात बसवायचा, वीज दिली की वाजला पाहिजे आणि त्याने दुसरं काहीही करता कामा नये. या कामासाठी आज जे पर्याय आहेत त्यांत रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) या छोट्या संगणकावर चालणारा मिनीडेक्सड सगळ्यात पक्का वाटतो. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि लागणारं सामान ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत गोळा होण्यासारखं आहे. आधीच सांगून ठेवतो: बजेट कमी असेल तर पाय जुना घ्या, पण डॅक (डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा सिग्नल करणारा बोर्ड) आणि वीजपुरवठा यांत काटकसर करू नका.

मिनीडेक्सड म्हणजे यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स७ ची हुबेहूब म्हणावी अशी प्रतिकृती. सहा ऑपरेटर (आवाजाच्या लहरी काढणारे घटक), ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडण्याच्या रचना), एकावेळी १६ सूर, सगळं मुळाबरहुकूम. एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवायचं हे एफएम तंत्र स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांचं. यामाहाने त्याचा परवाना घेऊन वाद्य बाजारात आणलं. डेक्सड नावाचं प्लगइन संगणकावर बरीच वर्षं आहे आणि मिनीडेक्सडचा आवाज त्याच घराण्यातला आहे. फरक इतकाच की इथे खाली लिनक्स नाही, विंडोज नाही, कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम नाही. सर्कल नावाच्या चौकटीवर लिहिलेला हा प्रोग्राम पायच्या प्रोसेसरवर थेट चालतो.

याचा फायदा ऐकूही येतो आणि वापरतानाही कळतो. चार कोअरच्या पायवर एक कोअर मिडी (कीबोर्डकडून येणारे सुरांचे संदेश), स्क्रीन आणि बटणं सांभाळतो, दुसऱ्याकडे दोन टोन जनरेटर आणि इफेक्ट, उरलेल्या दोघांकडे तीन-तीन टोन जनरेटर. म्हणजे एकूण आठ डीएक्स७, यामाहाच्या टीएक्स८१६ रॅकसारखे, तळहाताएवढ्या बोर्डवर. प्रत्येकाला कामं ठरवून दिलेली असल्यामुळे मागे दुसरी प्रोसेस जागी झाली आणि आवाज फाटला, असं घडत नाही. काही सेकंदांत सुरू होतो. बंद करताना सरळ वायर काढली तरी चालते, कारण परफॉर्मन्स (सगळ्या जनरेटरांची साठवलेली मांडणी) सेव्ह करण्याचे क्षण सोडले तर कार्डवर काही लिहिलं जात नाही. लिनक्सवर चालणाऱ्या डब्याची वायर अशी खेचली तर आज ना उद्या कार्ड बिघडतं. मंडपात जनरेटर बदलताना वीज जाते हे ज्यांना माहीत आहे त्यांना या एका गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता सामान. पाय २, ३, ४ यांपैकी कुठलाही चालेल. आठही टोन जनरेटर मिळतात. पहिली पिढी आणि साधा झीरो यांवर एकच मिळतो, त्या वाटेला जाऊ नका. झीरो २ डब्ल्यू ताकदीला पुरतो, पण हेडफोनचं भोक नाही, यूएसबी डेटासाठी एकच मायक्रो पोर्ट आहे, त्यामुळे ओटीजी जोड लागतो आणि तो जोड डब्यातला सगळ्यात कच्चा दुवा ठरतो. रॅम जास्त असून उपयोग शून्य. १ जीबीवाला मिळत असेल तर तोच घ्या; वापरलेला पाय ३बी मिळाला तर उत्तमच. कार्ड १६ किंवा ३२ जीबीचं घ्या. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि मिनीडेक्सडला फॅट३२ लागतं.

डॅकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आवाज आवडणार की नाही हे इथेच ठरतं. पायच्या हेडफोन जॅकमधून आवाज येतो, पण पाय ४ सोडला तर त्याचा दर्जा फार मर्यादित आहे. सूर विरताना मागची खरखर वर येते. इलेक्ट्रिक पियानोचा शेपटीसारखा लांबणारा सूर हेच एफएमचं वैभव, आणि तेच तिथे मारलं जातं. पीसीएम५१०२ए चिपवरचा छोटा जांभळा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो आणि तो लावला की प्रश्न संपतो. जोडणी अशी: बोर्डवरचा बीसीके पायच्या १२ नंबरच्या पिनला, एलआरसीके ३५ ला, डीआयएन ४० ला, व्हीआयएन ५ व्होल्टला म्हणजे २ किंवा ४ ला, ग्राउंड जवळच्या कुठल्याही ग्राउंडला. आकडे फळीवर ओळीने मोजलेल्या पिनांचे आहेत, जीपीआयओचे म्हणजे प्रोसेसरने दिलेल्या क्रमांकांचे नव्हेत. जीपीआयओ मोजले तर हेच अनुक्रमे १८, १९ आणि २१ होतात, आणि निम्म्या लोकांचा डबा मुका राहतो तो या दोन मोजण्यांच्या गोंधळामुळे.

डबा मुका राहण्याची दुसरी दोन कारणं बोर्डवरच असतात. एससीके पिन ग्राउंडला जोडायची असते. पुढच्या बाजूला त्यासाठी दोन ठिपके आहेत, त्यांवर सोल्डरचा थेंब द्या. पाठीमागे चार जोड असतात, प्रत्येकात एच आणि एल. पहिला, दुसरा आणि चौथा एल बाजूला, तिसरा मात्र एच बाजूला. हा तिसरा म्हणजे म्यूटची पिन. ती एल बाजूला राहिली किंवा अधांतरी राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही आवाज शून्य. विकत घेताना बोर्ड उलटा करून भिंगाने हे चार जोड बघा. काही बोर्डांवर ते करून येतात, काहींवर नाहीत, आणि शेजारशेजारच्या पाकिटांतही फरक सापडू शकतो.

वीजपुरवठ्याचं गणित लोक करत नाहीत. पायला ४.६३ व्होल्टच्या खाली गेलेलं चालत नाही. तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि वेग कमी झाला की आठ टोन जनरेटरांचा हिशोब वेळेत पुरा होत नाही, आवाजात कडकड येते. लिनक्सच्या पडद्यावर निदान विजेचं पिवळं चिन्ह दिसतं, इथे दोन ओळींच्या एलसीडीवर तेही नाही. २८ गेजच्या वायरला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. एक मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन ०.४२ ओहम. एक अँपिअर ओढला की ०.४२ व्होल्ट वाटेतच गेले, ५.१ चे ४.६८ उरले. यूएसबीला लावलेल्या मिडी कीबोर्डने थोडा करंट आणखी ओढला की संपलंच. म्हणून पाय ३ ला २.५ अँपिअरचा, पाय ४ ला ३ अँपिअरचा, दोन्ही ५.१ व्होल्टचे, केबल कायमची जोडलेला अडॅप्टर घ्या. मोबाइलचा चार्जर आणि पानपट्टीवर मिळणारी केबल ही जोडी घरात चालते आणि गडकरी रंगायतनच्या मंचावर फसते, कारण घरी एकच टोन जनरेटर वाजवून पाहिलेला असतो.

स्क्रीन १६ बाय २ ची साधी एलसीडी चालते, आणि ती घेताना पाठीला आयटूसी (दोन वायरींवर संदेश पाठवायची पद्धत) बोर्ड चिकटवलेली घ्या. सहाऐवजी दोनच सिग्नल वायरी लागतात, एसडीए ३ नंबरला आणि एससीएल ५ नंबरला. पण इथे एक खाच आहे. हा पाठीचा बोर्ड ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्यावरचे पुलअप रोध एसडीए-एससीएलला ५ व्होल्टकडे ओढतात. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. काही महिने काही होत नाही, म्हणून लोक तसंच सोडतात. तसं सोडू नका. पाठीवरचे ते दोन रोध काढून टाका, पायवर स्वतःचे पुलअप आहेतच. किंवा दोन चॅनेलचा लेव्हल शिफ्टर मधे घाला. स्क्रीन उजळली पण वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसले, तर बहुतेक वेळा प्रोग्रामकडून तिला काहीच पोचलेलं नसतं आणि पत्ता चुकलेला असतो. मिनीडेक्सडच्या आयएनआय फाइलमध्ये (सेटिंग्जची टेक्स्ट फाइल) एलसीडीचा आयटूसी पत्ता हेक्समध्ये लिहायचा असतो. पीसीएफ८५७४ चिप असेल तर २७, ए अक्षर जोडलेली असेल तर ३एफ. काहीच दिसत नसेल तर पाठीवरचा निळा पॉट फिरवा.

रोटरी एन्कोडर, म्हणजे दाबताही येणारी फिरती खुंटी, केवाय-०४० नावाने मिळतो. फळीवरच्याच मोजणीने क्लॉक १९ ला, डेटा २१ ला, दाबायचं बटण २३ ला, आणि अधिक (+) चिन्हाची पिन ३.३ व्होल्टलाच. कारण तेच, त्याच्याही बोर्डवर पुलअप आहेत. स्वस्त एन्कोडर एका खटक्याला दोन पायऱ्या उडी मारतात. क्लॉक आणि डेटापासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर लावले की बरंच शिस्तीत येतं.

फाइली कार्डच्या मुळात कॉपी करायच्या, आयएनआय फाइलमध्ये साउंड डिव्हाइसच्या ओळीत पीडब्ल्यूएमच्या (हेडफोन जॅक) जागी आयटूएस (डॅक) लिहायचं. सँपल रेट ४८००० आणि चंक साइझ जे आहे ते राहू द्या. सुरू होऊन काही सेकंदांत डबा प्रतिसाद देईनासा झाला तर सीएमडीलाइन नावाच्या टेक्स्ट फाइलमधला यूएसबीस्पीड=फुल हा शब्द काढून पुन्हा लावा. काही कीबोर्डांशी त्याचं जमत नाही. आवाजांच्या बँका (डीएक्स७ च्या सिसेक्स प्रकारच्या फाइली) सिसेक्स फोल्डरच्या आतल्या व्हॉइस फोल्डरमध्ये जातात, नावाच्या सुरुवातीला सहा आकडी क्रमांक हवा, आणि ३२ आवाजांची खरी डीएक्स७ बँक बरोबर ४१०४ बाइटची असते. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल यादीत दिसत नसेल तर आधी हा आकडा तपासा.

बहुतेक आधुनिक कीबोर्ड यूएसबीने लगेच ओळखले जातात. पाच पिनांचा जुना मिडी हवा असेल तर एच११एल१ ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारी चिप) घ्या, तो ३.३ व्होल्टवर नीट चालतो. २२० ओहमचा रोध, उलट दिशेला एक १एन४१४८ डायोड, आणि आउटपुट पायच्या १० नंबरच्या पिनला. ६एन१३८ दुकानात चटकन मिळतो, पण त्याला ५ व्होल्ट लागतात आणि मग पुलअप ३.३ ला बांधण्याचं ध्यान ठेवावं लागतं.

आता वाजवून बघू. इलेक्ट्रिक पियानो, घंटा, मरिंबा, टोकदार बास, जलतरंगाच्या जवळ जाणारे काचेचे सूर, संतूरसारखा तारेचा टणत्कार, यांत हा डबा अप्रतिम आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाण्यांच्या कार्यक्रमात जो चमकदार इलेक्ट्रिक पियानो मागितला जातो तो सँपलवाल्या कीबोर्डमध्येही असतो, पण तिथे तो फोटो असतो. इथे पट्टी हळू दाबली तर सूर मऊ, गोल; जोरात दाबली तर आतले मॉड्युलेटर (दुसऱ्या ऑपरेटरला हलवणारे ऑपरेटर) उसळतात आणि धातूचा दात वर येतो, आणि मधल्या सगळ्या छटा बोटाखाली सलग मिळतात. त्यामुळे कीबोर्डचा टच कर्व्ह महत्त्वाचा. टच बंद असलेल्या स्वस्त कीबोर्डवर हाच आवाज निर्जीव वाटेल आणि दोष डब्यावर येईल. हार्मोनियम, व्हायोलिनांचा ताफा, तबला यांसाठी याच्याकडे येऊ नका. शहनाईचा आभास होतो, पण तेवढाच.

दोन टोन जनरेटर एकाच मिडी चॅनेलवर ठेवले की ते एकावर एक चढतात. तोच पियानो दोघांवर, एकाचा डीट्यून अधिक ६, दुसऱ्याचा उणे ६, पॅन २० आणि १०८, रिव्हर्ब सेंड ३० च्या आसपास: एवढ्यावर जो रुंद, थरथरता आवाज मिळतो त्यासाठी मूळ डीएक्स७ दोन लागले असते. आठही एकावर चढवायचे तर प्रत्येकाचा व्हॉल्यूम खाली आणा, नाहीतर बेरीज कापली जाते. डाव्या हाताला बास हवा तर परफॉर्मन्स फाइलमध्ये त्या जनरेटरची वरची मर्यादा ५९ आणि पियानोची खालची मर्यादा ६० लिहा. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची डावीकडची पहिली पट्टी ३६ असते. ऑक्टोपॅडवाल्याला मरिंबा किंवा घंटा द्यायच्या असतील तर आठवा जनरेटर १० नंबरच्या चॅनेलवर ठेवून ऑक्टोपॅडचा मिडी आउट डब्याला आणा. गरब्यासाठी ही जोडणी फार कामाची आहे. मींड काढायची तर जनरेटर मोनो करा, पोर्टामेंटो थोडा उघडा आणि पिच बेंडची रेंज २ वरून १२ करा.

आयएनआय फाइलमध्ये इंजिनाचे तीन प्रकार आहेत: १ म्हणजे आधुनिक स्वच्छ गणित, २ म्हणजे मूळ यंत्राच्या जवळचं, ३ म्हणजे जुन्या साउंड कार्डांचं. स्टेजसाठी २ घ्या. त्यात मुळाचा किंचित खरबरीतपणा आहे आणि ढोलकी-बासच्या गर्दीत तोच पुढे येतो.

उणिवा खऱ्या आहेत. दोन ओळींच्या पडद्यावर आणि एका खुंटीवर सहा ऑपरेटरांचा आवाज घडवणं छळ आहे. घडवायचा तर घरी संगणकावर डेक्सड उघडा, मिडीने सिसेक्स पाठवा, डब्यात साठवा. दुसरं म्हणजे, गायिकेने ऐनवेळी पट्टी काळी चारवरून काळी पाच केली तर सुराची सरक प्रत्येक टोन जनरेटरला वेगळी द्यावी लागते. कीबोर्डचं ट्रान्सपोज मिडी आउटला लागत असेल तर प्रश्न नाही. काही अरेंजर कीबोर्डांत ते फक्त आतल्या आवाजाला लागतं, हे आधी तपासा. तिसरं, गाणं चालू असताना परफॉर्मन्स बदलायचा नसतो, सूर सोडून मगच बदला. आयएनआयमध्ये परफॉर्मन्स सिलेक्टचा चॅनेल मुळात बंद असतो. तो सुरू केला की कीबोर्डच्या प्रोग्राम बटणांनी बदल करता येतो आणि खुंटीला हात लावायची गरज राहत नाही.

पायवरच चालणाऱ्या झिंथियन या दुसऱ्या सिंथशी तुलना होणारच. तो लिनक्सवर चालतो, एकाच डब्यात ऑर्गन, सँपलर, झिनअॅडसबएफएक्स असं बरंच देतो, टचस्क्रीन आणि चार खुंट्या आहेत. स्टुडिओत तो जास्त श्रीमंत आहे. पण शिकायला वेळ मागतो, बंद करताना नीट बंद करावा लागतो, आणि पूर्ण किट परदेशातून मागवलं तर कस्टमसह खर्च चढतो. ज्याला एकच आवाजाचं घराणं हवंय, पण शंभर टक्के भरवशाचं, त्याने मिनीडेक्सड घ्यावा. पायवर उभं केलेलं वाद्य म्हणजे खेळणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एवढंच: कॉर्गच्या वेव्हस्टेट, ऑपसिक्स आणि मॉडवेव्ह यांच्या पोटातही रास्पबेरी पायचं कंप्यूट मॉड्यूल ३ च आहे.

डबा अॅल्युमिनियमचा घ्या, आतली उंची किमान ५० मिलिमीटर. एलसीडी आणि तिचा पाठीचा बोर्ड मिळून बरीच जागा खातात आणि यूएसबीचे दुमजली सॉकेट खाली असतात. प्रोटोटाइपला वापरतात त्या टोचायच्या जंपर वायरी डब्यात ठेवू नका. लोकलच्या हादऱ्याने त्या सैल होतात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांची टोकं हिरवी पडतात. सगळे जोड सोल्डर करा. खाली आणि मागे भोकं पाडा, प्रोसेसरवर हीटसिंक चिकटवा. ८० अंशांच्या पुढे पाय वेग कमी करतो, आणि ऑक्टोबरात उघड्या मैदानातल्या मंचावर बंद डबा तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

आउटपुटला ६.३ मिलिमीटरचे सॉकेट बसवताना त्यांची बाहेरची बाजू डब्यापासून वेगळी राहील असे प्लास्टिकचे घ्या आणि डबा एकाच जागी ग्राउंड करा, नाहीतर गुणगुण येते. तरीही गुणगुण राहिली तर ती बहुधा अॅडॅप्टर आणि मिक्सर यांच्यातल्या ग्राउंड लूपची असते. ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइकच्या सॉकेटला देण्याजोगा करणारा डबा) लावला की जाते. हा डीआय तसाही लागतोच. पीसीएम५१०२ए पूर्ण भरात २.१ व्होल्ट देतो, म्हणजे जवळजवळ अधिक ८.७ डीबीयू, आणि मंचावरच्या स्टेज बॉक्सचे सॉकेट माइकचे असतात. सरळ जोडलं की साउंडवाल्याकडे पहिल्याच सुराला लाल दिवा. डीआयवर उणे २० डीबीचा पॅड असेल तर तो दाबा. साउंडवाल्याने एकच लाइन दिली तर डावी-उजवी वायर एकत्र पिळून जोडू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर ढकलत राहतात. दोन्हींत १ किलोओहमचा रोध घालून मग जोडा, किंवा सगळे पॅन ६४ वर आणून फक्त डावी बाजू द्या. रिव्हर्बची थोडी रुंदी जाईल, सभागृहात ती कुणाला ऐकू येत नाही.

डबा तयार झाला की कार्डची एक प्रत करून दुसरं कार्ड डब्याच्या झाकणाला आतून टेपने चिकटवा. तयार करून विकायचा विचार असेल तर विकायला हरकत नाही, पण परवाना जीपीएल हा मुक्तस्रोत परवाना आहे. सॉफ्टवेअरचा स्रोत, आणि त्यात तुम्ही काही बदल केले असतील तर तेही, घेणाऱ्याला द्यावे लागतात.